ज्वारीतल्या भोरड्या: फोटोत नुसते काळे ठिपके

हुरडापार्टी
गाव मंगळवेढ्याकडं, नोकरी पुण्यात. आठवड्याची सुट्टी काढून आलोय. मालदांडी ज्वारी हुरड्यात आलीय आणि भोरड्या, म्हणजे काळ्या डोक्याच्या गुलाबी मैना, तुटून पडल्यात. चुलते रानातल्या राखणीच्या माळ्यावरून गोफण फिरवतायत, मी खाली कॅमेरा घेऊन उभा. एकाच घरात दोन पक्ष.

ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. आत शिरलं तर पानांशिवाय काही दिसत नाही. बांधावरून जरा पुढं सरकलं की अख्खा थवा भुर्र. ७०-३०० मिमीची लेन्स आहे. तीन सकाळींत चारशेवर फोटो काढले. पांढरं आभाळ आणि काळे ठिपके. एकच बरा आलाय. कणीस भोरडीच्या वजनानं वाकलंय, चोचीला दाण्याचा चीक लागलाय. पण डोळा काळ्या डोक्यात गडप!

आणि थव्यात काही मातकट आहेत, गुलाबीचा पत्ता नाही. साळुंक्या म्हणाव्यात तर तशाही नाहीत. त्या कोण?

कडबा
अहो, मग माळ्यावर चढा की! वरून कणसं डोळ्याखाली येतात, मागं आभाळ राहत नाही. दिवस उगवायच्या आत चढून गप बसायचं. चुलत्यांना गोफण थांबवायला सांगा, पण पंधरा मिनिटंच. तेवढ्यात सुद्धा पट्टाच्या पट्टा सोलून ठेवतात ती पाखरं. दुसऱ्याच्या रानात मात्र विचारल्याशिवाय पाय नको. ज्वारीचं ताट मोडलं की दाणाही गेला, कडबाही गेला.

बाभूळबन
मातकट म्हणजे यंदाची पिल्लं. त्यांची चोच पिवळसर दिसेल, बघा. इथं घरटी करत नाहीत भोरड्या. वीण पूर्व युरोप ते मध्य आशियात, उन्हाळ्यात. पावसाळा सरता सरता आपल्याकडं येतात.

डोळ्याचं म्हणाल तर सूर्य पाठीशी घ्या आणि एक्स्पोजर थोडं वाढवा. शटर बसलेलीला १/१००० सेकंद पुरे, उडतीला १/२००० ठेवा. उठलेला थवा बहुतेक ठरलेल्या झाडावर जातो आणि तिथूनच परततो. ते झाड कोणतं, तेवढं हेरा. थव्यामागं पळून काही हाती लागत नाही.

कडबा
शेजारी हरभरा असेल तर तिकडंही बघा. घाटेअळी खायला पाखरं यावीत म्हणून पक्षीथांबे, म्हणजे बसायच्या काठ्या, रोवले असतील, तर कोतवाल पक्षी हमखास येऊन बसतो. भोरड्याही अळ्या, नाकतोडे खातात. ज्वारीत शिव्या, हरभऱ्यात पाहुणचार, असं आहे आमचं!

हुरडापार्टी
आज साडेसहाला माळ्यावर चढलो. चुलते म्हणाले, "पंधरा मिनिटं, घड्याळ लावतो." खरंच मोबाइलवर गजर लावला! थवा बांधावरच्या कडुलिंबावरून आला. आधी चार-पाच उतरल्या, मग एकदम सगळ्या. कणसं अशी हलत होती, जसं खालून कुणी ताटं ओढतंय. बाराव्या मिनिटाला चुलत्यांचाच धीर सुटला. गोफण फटकन वाजली. तरी सहा फोटो जमलेत, डोळ्यात ठिणगीसारखा उजेड आलाय.

चुलत्यांना मोठा करून दाखवला. चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिले. म्हटलं, पाखरू आवडलं वाटतं. तर म्हणाले, "दाणा काय भरलाय बघ यंदा."