ऊर्जा समुदाय, सौर मंडळ की वीज संस्था?

जिन्याखालचा: कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटनं छतावर सोलर बसवायचं ठरवलंय. सूर्यघर योजनेत लिफ्ट, मोटर, जिन्यातले दिवे असल्या सामायिक विजेसाठी सोसायटीला किलोवॅटमागं 18,000 रुपये अनुदान मिळतं. सभासदांसाठी पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लोकांनी एकत्र येऊन स्वतःची वीज करायची, त्याला युरोपात 'एनर्जी कम्युनिटी' म्हणतात, त्याचं मी 'ऊर्जा समुदाय' केलं. सेक्रेटरी म्हणाले, "समुदाय? कुठल्या जातीचा?" कोळशाकडून सौरऊर्जेकडं वळायचं, त्या 'एनर्जी ट्रान्झिशन'चं 'ऊर्जा संक्रमण' केलं, तर ते वाचून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, मास्क लावायचा का. 'सिटिझन पार्टिसिपेशन'ही अडलंय. सुचवा काहीतरी.

शुद्धमती: संक्रमणाचं वाटोळं कोरोनात हिंदी वाहिन्यांनी केलं. मराठीत रोगाचा होतो तो संसर्ग. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ते संक्रमण. सौरऊर्जेला याहून चपखल शब्द कुठला?

बिंदू चौक: आणि एखाद्यावर 'संक्रांत आली' म्हणजे काय ओ?

शुद्धमती: मग स्थित्यंतर म्हणा. पण 'ट्रान्झिशन' नको.

उसाचा पाला: समुदाय-बिमुदाय सोडा. आमच्यात करवीर तालुक्यात दूध संस्था, सेवा संस्था, पाणी संस्था, पतसंस्था. संस्था म्हटलं की माणूस लगेच विचारतो, शेअर कितीचा, चेअरमन कोण आणि दिवाळीला काय देणार. 'वीज संस्था' म्हणा, पत्रकाचं एक पान कमी होईल. नदीचं पाणी माळावर चढवलं ते कुठल्या समुदायानं? पाटकरी पाळी लावायचा. रात्री दोनची पाळी आली की आजोबा बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला जायचे. वरच्यानं मधेच दारं मोडलं तर पहाटेपर्यंत भांडण, आणि वार्षिक सभेत त्याचंच पुन्हा. सहभाग तो हाच की.

तळटीप: संस्था म्हटलं की सहकार कायदा आला. युरोपीय संघाच्या 2018 च्या निर्देशात तसं बंधन नाही. रूप कुठलंही असो, ताबा जवळपासच्या सभासदांकडं हवा आणि नफा हा मुख्य हेतू नको. वीज संस्था आपल्याकडं होतीच, श्रीरामपूरची मुळा-प्रवरा, 1969 ची. ती वीज विकत घेऊन वाटायची, 2011 ला परवाना संपला. गुजरातेत ढुंडीच्या शेतकऱ्यांनी सौरपंपांची उरलेली वीज ग्रिडला विकायला 2016 ला सहकारी संस्था काढली. तिच्या नावात 'मंडळी' आहे.

बिंदू चौक: मंडळी म्हणजे आमच्या वडिलांच्या भाषेत बायको. आणि 'सौर मंडळ' केलंत तर ग्रहतारे येतील, नाहीतर गणपतीची वर्गणी मागायला पोरं.

जिन्याखालचा: आणि सहभाग?

तळटीप: लोकसहभाग. रुळलेला आहे.

उसाचा पाला: रुळलाय तर. सरकारी कागदात लोकसहभाग आला की गावानं ओळखायचं, पैसे भरायचे आहेत. जलस्वराज्य या सरकारी पाणी योजनेला 10 टक्के लोकवर्गणी काढताना सरपंचाच्या तोंडाला फेस आला होता.

हिरण्यकेशी: इतके तत्सम शब्द कशाला? पैरा आहे, इर्जिक आहे. इर्जिक कानडीतून आली असं माझं ठाम मत. कानडीत एरु म्हणजे नांगर, बैलजोडी. आमच्या गडहिंग्लज भागात हे कुणालाही पटेल.

शुद्धमती: प्रत्येक मराठी शब्दाला कानडी बाप शोधायची हौस कधी फिटणार?

हिरण्यकेशी: बाप नसेल, मामा तरी आहे. कोल्हापुरात राहून हे सांगावं लागतंय.

उसाचा पाला: पैरा इथं बसत नाही. पैरा म्हणजे आज मी तुमच्यात भांगलायला, उद्या तुम्ही माझ्यात. फेडावा लागतो. चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू कुणाचा पैरा फेडणार? इर्जिकेत फेडाफेड नाही. सगळे बैल घेऊन येतात, एका दिवसात रान नांगरून होतं, मालकानं जेवण घालायचं.

हिरण्यकेशी: मटणाचं.

उसाचा पाला: आमच्यात पुरणपोळी असायची.

बिंदू चौक: पुरणपोळीवर कोण नांगर धरतंय?

जिन्याखालचा: पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. सध्या 'आपली वीज, आपली सोसायटी' एवढंच लिहून ठेवलंय.

शुद्धमती: सोसायटी इंग्रजी आहे.

उसाचा पाला: गावात पीककर्ज देणाऱ्या सेवा संस्थेला आमची आजी 'सोसाटी'च म्हणायची. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तिनं. इंग्रजी कसली?

हिरण्यकेशी: ते राहू दे. पोळीची इर्जिक कुठल्या गावात होती, तेवढं सांगा.