१४ फुटी अल्युमिनियम होडी ओहोटीला रुतते, बूड कापून बोगदा करावा का?

खाडीवाला_दाभोळ
होडी १४ फुटी, सपाट बुडाची, तळाला रुंदी ४ फूट, पत्रा ३ मिमी. ९.९ हॉर्सपॉवरचं लाँग शाफ्ट (लांब दांड्याचं) आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला टांगायचं इंजिन. मागची फळी १५ इंच उंच. वाशिष्ठीच्या आतल्या फाट्यांत पाग (फेकायचं जाळं) घेऊन जातो. भांगाला (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) निभतं, पण उधाणाच्या ओहोटीला पंखा चिखलात घुसतो. वेल्डर म्हणतो, पंख्यापुढे बुडात बोगदा (वर उचललेली पन्हळ) काढू, म्हणजे पंखा वर घेता येईल.

सुकाणू७
बोगद्याचं राहू दे. दुखणं तुझ्याच आकड्यांत आहे. लाँग शाफ्ट २० इंची फळीसाठी असतो. १५ वर टांगलास, म्हणजे पंखा ५ इंच जास्त खाली. शिवाय बोगद्याने मागचा तरंग कमी होतो, होडी मागून आणखी बसते.

फळीवर ५ इंचाचा राइझर (उंची वाढवणारा जोड) चढव. ६ मिमीची प्लेट आतून-बाहेरून, जुन्या फळीवर निदान ८ इंच खाली उतरलेली. नुसता वरच्या कडेला जोडलास तर इंजिनाच्या रेट्याने वेल्ड तडकतं. आतून बुडापर्यंत दोन तिरके टेकू हवेतच.

आता पंख्यावरची आडवी पट्टी बुडाच्या रेषेत येईल. क्लॅम्पखाली १२ मिमीच्या पट्ट्या घालत आणखी चढव आणि दर वेळी खोल पाण्यात फुल थ्रॉटलला वळवून बघ. वळताना इंजिन रिकामं घोंघावलं किंवा थंडाव्याच्या पाण्याची धार तुटली, की एक पट्टी काढ. कोरडा चालला तर इम्पेलर (थंडाव्याचं पाणी ओढणारी रबरी चकती) बघता बघता जळतो.

खारवट
बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, पण पत्र्याला थेट टेकू देऊ नका. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसपाशी अल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजतं. नायलॉनचे बुश-वॉशर आणि पॉलियुरेथेन सीलंट घाला. राइझरमध्ये प्लायवूड भरणार असाल तर तांब्याचं औषध मारलेलं नको. बुडाला तांबेवाला रंगही नको, तो लाकडी होडीला ठीक. झिंकच्या (इंजिनाऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या तुकड्याच्या) जागी मॅग्नेशियमचा तुकडा गळ्यात मारतात, तो गोड्या पाण्याचा. खाडीत भराभर संपतो.

पागवाला
वजनाचं कुणी बोललंच नाही. पाण्यातलं बूड १३ × ४ फूट धरलं तर होडी इंचभर बुडायला सुमारे १२५ किलो लागतात. म्हणजे सामान कमी करून फारसं उचलत नाही, ते कुठे ठेवता यावर खेळ आहे. इंजिन, टाकी, बॅटरी आणि चालवणारा, सगळे मागे असले तर पंखा आधी टेकणारच. टाकी-बॅटरी नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) न्या, हँडलला लांब दांडा लावून स्वतः मधल्या बाकावर बसा.

खाडीवाला_दाभोळ
राइझर करतो. चिखलात अडकलो तर रिव्हर्स मारून सुटता येईल का?

सुकाणू७
नको. पंख्याने ढवळलेला गाळ पाण्यासोबत इंजिनात ओढला जातो. शिवाय इंजिन अर्धवट उचललेल्या खाचेत असेल तर रिव्हर्सला ते वर उसळतं. बंद कर, पूर्ण उचल, बांबूने रेट. कालवांच्या खडकाजवळ तर आधीच उचल. घरी आल्यावर १० मिनिटं गोडं पाणी फिरव.