प्राण्यांवरच्या प्रयोगांवर पिक्चर लिहितोय, इंटरव्हलनंतर गोष्ट पार झोपते

कापूसकोंड्या

नमस्कार मंडळी. मी दारव्ह्याकडचा, दिवसा शेती आन रात्री लेखन. मोबाइलवर दोन शॉर्टफिल्म केल्या, एक तर गावच्या जत्रेत पडदा बांधून दाखवली. आता पहिल्यांदाच पूर्ण पिक्चरची स्क्रिप्ट लिहायले घेतली आन मधातच गाडी फसली, म्हणून इथं टाकतोय. लंबं होईन, सांभाळून घ्या.

गोष्ट अशी. गजू, बारावी नापास, घरी चार एकर कोरडवाहू. ओळखीनं नागपूरकडच्या एका टेस्टिंग लॅबमधी कामाले लागते, अ‍ॅनिमल हाऊसमधी. पिंजरे धुणं, खाणं-पाणी, झाडझूड. तिथं बीगल जातीचे कुत्रे, हरेकाच्या कानात नंबर गोंदलेला. त्यातल्या एका कुत्रीचा याले लळा लागते, तो तिले चिंगी म्हणते. इंटरव्हलले एक सिनियर त्याले सांगते का टेस्ट संपली की हिले मारून आतले अवयव तपासणार. गजू हादरते. मंग सेकंड हाफमधी तो तिले रात्री पोत्यात घालून पळवते, एसटीनं गावी आणते, मागं गाडी लागते, पोलीस, कोर्ट, कोर्टात गजूचं भाषण.

आठ जणांले वाचायले देलं. सगळे म्हणतात पहिला भाग मस्त जमला, पुढं काहीच वाटत नाही. मावसभाऊ तर म्हणे, "शेवटी साउथचा पिक्चर झाला बे." मले त्याचा राग आला पण खरं बोलला तो.

तर विचारायचं असं का गोष्ट कोनाची ठेवू, गजूची का कुत्रीची? इंटरव्हल कुठं पाडू? आन चिंगी मरायले पाहिजे का वाचायले? बायको म्हणते मारली तर मी पाहणार नाही.

झाडीतला_पेटीवाला

भाऊ, मी वडसा-देसाईगंजकडचा. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत पेटी वाजवतो, चार नाटकं लिहून बी झाली. आमच्याकडं दिवाळीनंतर सीझन लागते, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावात रात्री दहाले घंटा आन पहाटे चारले आरती, लोक थंडीत घोंगडी घेऊन बसतात. तिथं प्लॉट कुठं ढिला पडला ते समीक्षकानं सांगायची गरज नाही, माणसं उठून चहाले जातात ना.

तुमचा इंटरव्हल म्हणजे कोनीतरी येऊन गजूले बातमी सांगते. बस? बातमी ऐकून माणूस रडते फार तर. माझ्या एका नाटकात बायको येऊन सांगायची का तुमच्या भावानं बैल विकला, नायक डोकं धरून बसायचा, ड्रॉप (पडदा) पडायचा. पहिल्या तिन्ही प्रयोगांत ड्रॉप पडायच्या आधीच पानठेल्यावर गर्दी. मंग बदललं. बैल त्यानं स्वतःच विकायचा, पोरीच्या दवाखान्यासाठी, आन व्यापाऱ्याच्या हातून बैल सुटायले पाहते तं यानंच दावं धरून टेम्पोत चढवून द्यायचा, कारण बैल दुसऱ्या कोनाच्या हातानं चढतच नाही. तेव्हापासून कोनी उठलं नाही, एक म्हातारा तं मले शिव्या देऊन गेला.

तुमच्या गोष्टीत तेच पाहा. चिंगी दुसऱ्या कोनाच्या हातात येत नाही, फक्त गजूच्या येते. मंग रक्त काढायले तिले कोन धरणार? गजू. दवा कोन पाजणार? गजू. त्याचा जीव लागला म्हणूनच लॅबचं काम सोपं झालं, साहेब खुश, पगार वाढला, परमनंट करतो म्हणाले. आन त्याले हे इंटरव्हलले समजते, कोनी सांगून नाही, तिले धरलेल्या आपल्याच हाताकडं पाहून. यानंतर पोत्यात घालून पळवायचं सुचते का पाहा तुम्हाले. मले नाही वाटत.

जनावरांचा_डॉक्टर

वरच्या पेटीवाल्यांनी जे सांगितलं ते अगदी खरं घडतं, म्हणून लिहितोय. मी व्हेटरिनरी केलंय, तीन वर्षं अशाच एका अ‍ॅनिमल हाऊसमध्ये नोकरी केली, आता तालुक्याला गाई-म्हशी बघतो. टेस्टच्या आधी जनावराला माणसाची सवय लावावीच लागते, घाबरलेल्या जनावराचे रिपोर्ट बिघडतात. आमच्याकडचा सगळ्यात चांगला अटेंडंट कोण, तर ज्याच्या आवाजाने कुत्रे शेपटी हलवायचे तो. मी स्वतः त्याची शिफारस लिहिली होती.

आता काही गोष्टी ज्या स्क्रिप्टमध्ये चुकतील. लॅबमध्ये रस्त्यावरचे कुत्रे आणत नाहीत, नोंदणी असलेल्या ब्रीडरकडून येतात. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती आहे आणि प्रत्येक संस्थेत एक एथिक्स कमिटी असते. उंदीर-सशांचं काम त्या कमिटीत मंजूर होतं, कुत्रा किंवा माकड असेल तर फाइल वर केंद्रीय समितीकडे जाते. संस्थेच्या कमिटीत एक सदस्य विज्ञानाबाहेरचा असावा लागतो, समाजातला माणूस. हा माणूस तुम्हाला फुकट मिळालेलं पात्र आहे राव. रिटायर्ड मराठीचे मास्तर घ्या, ते मीटिंगमध्ये एकच साधा प्रश्न विचारतात आणि सगळे घड्याळ बघायला लागतात. कोर्टातल्या भाषणापेक्षा हा सीन भारी होईल.

दुसरं म्हणजे टेस्ट कुठली ते आधी ठरवा, कारण शेवट त्याच्यावर आहे. समजा लॅबमध्ये शेतीच्या औषधाची तपासणी चालू आहे. त्यात कुत्र्यांवरची एक टेस्ट असते ९० दिवसांची. रोज ठरलेला डोस. कमी, मध्यम, जास्त असे निदान तीन गट आणि चौथा कंट्रोल, म्हणजे ज्याच्या डोसात औषध नसतंच. गटात साधारण चार नर चार माद्या. आणि ९० दिवसांनी सगळ्या गटांचं पोस्टमार्टेम, कंट्रोलचं पण, कारण तुलना कशाशी करणार? तर चिंगी कंट्रोल गटात ठेवा. तिला काहीच झालेलं नाही, ठणठणीत आहे, तरी तारीख तीच.

याउलट नुसतं रक्तात औषध किती वेळ राहतं एवढंच बघायचं असेल तर कुत्रं मरत नाही, नंतर त्याच्या पुनर्वसनाची जबाबदारी संस्थेची असते. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी तीन गोष्टी मांडल्या होत्या, शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. आपल्याकडे त्यात चौथी जोडली, पुनर्वसन. कागदावर छान आहे. कागद हलतो की नाही हा तुमचा सेकंड हाफ.

रातकिडा

मरायची तारीख आधीच कळली तर सस्पेन्स जाते असं काही नाही. लायकाचं पाहा. मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री, ३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुटनिक-२ यानातून अंतराळात पाठवली, परत आणायची सोयच नव्हती आणि पाठवणाऱ्यांना ते माहीत होतं. त्यांच्यातला एक शास्त्रज्ञ उड्डाणाच्या आधी तिला घरी घेऊन गेला होता, पोरांसोबत खेळायला. बास, मला तो एक सीन पुरतो. गरमीनं ती काही तासांतच गेली हे जगाला २००२ मध्ये कळलं, तोवर वेगळंच सांगत होते. तुमच्यात पण लॅबवाल्या साहेबाला असा एखादा सीन द्या, नाहीतर तो पांढऱ्या कोटातला गब्बर होतो.

धुऱ्यावरची

मी पहिल्यांदाच लिहितेय इथं. यवतमाळ जिल्ह्यातलीच आहे, तालुका सांगत नाही.

डॉक्टरदादा शेतीच्या औषधाचं बोलले म्हणून राहवलं नाही. २०१७ च्या फवारणीत माझा भाऊ अकरा दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात होता. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, तोंडासमोर फवारा, पाठीवर पंप गळत होता. डोळ्यांपुढं अंधारी, उलट्या. तो वाचला. जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली त्या हंगामात. वॉर्डात त्याच्या बाजूच्या खाटेवरचा पोरगा रात्रीतून गेला, सकाळी तिथं दुसरा आणला.

नंतर मी घरातल्या बाटल्या पाहिल्या, पहिल्यांदा नीट पाहिल्या. बाटलीवर एक चौकोन असतो टोकावर उभा केलेला, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल, पिवळा, निळा, हिरवा. मी बीएस्सी केलंय म्हणून शोधून वाचलं की हा रंग ठरतो कसा. उंदरांना औषध पाजतात आणि किती डोसला अर्धे उंदीर मरतात तो आकडा काढतात. उंदराच्या एक किलो वजनामागं ५० मिलिग्रॅमच्या आतच अर्धे मेले तर लाल. ५००० च्या वर गेलं तर हिरवा. ही पद्धत १९२७ ची आहे, ट्रेव्हन नावाच्या माणसाची.

म्हणजे त्या उंदरांनी आपल्याला सांगून ठेवलं होतं. रंगानं सांगितलं होतं. आणि आमच्या घरात त्या बाटलीचं लेबल भिजून निघून गेलेलं, रिकाम्या डब्यात आई ज्वारीचं बी ठेवायची. दुकानदारानं कधी एक शब्द सांगितला नाही, हातमोजे तर सोडाच.

मला तुमच्या पिक्चरमध्ये हे पाहिजे. गजूचा भाऊ गावात तेच फवारतो जे गजू लॅबमध्ये पाजतो. गजूला लॅबमध्ये मास्क, मोजे, अ‍ॅप्रन, सगळं मिळतं. भावाला बनियन. तुम्ही चिंगीला पळवून आणलं आणि गोष्ट संपली तर मग भावाचं काय?

झाडीतला_पेटीवाला

बाई, तुमचं वाचून पेटी बंद करून बसलो थोडा वेळ.

लेखकभाऊ, आता एक काम करा. डॉक्टर म्हणतात ९० दिवस. सोयाबीन बी तेवढ्याच दिवसांचं पीक, पाच-दहा दिवस इकडंतिकडं. पेरणीच्या दिवशी टेस्ट सुरू करा आन सोंगणीले संपवा. इकडं पीक वाढते, तिकडं डोस चालू. मधात पोळा टाका, पोळ्याले बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावून खांदशेकणी होते, पुरणपोळीचा घास देतात. गजू सुटीवर घरी आला, बैलाचा खांदा शेकते आन त्याच हाताले लॅबच्या साबणाचा वास. डायलॉग एकही नको. तुमचे तीन अंक आपोआप बसले, मोंढ्यात पोते रचल्यासारखे.

आन एक सांगतो, सगळं एकाच पिक्चरमधी कोंबू नका. आता कोनी येऊन सांगन का सापाचं औषध घोड्याच्या रक्तातून बनते, ते बी टाका.

जनावरांचा_डॉक्टर

हा हा, मी तेच सांगायला आलो होतो. बनतं घोड्यापासूनच, घोड्याला थोडं थोडं विष टोचतात आणि मग त्याच्या रक्तातून विषावरचं औषध काढतात. आपल्या भागात घोणस-मण्यार चावून वाचलेला माणूस दर गावात सापडेल, आणि त्याच्या अंगात घोड्याचं रक्त काम करून गेलंय हे त्याला माहीत नसतं. पण बरोबर आहे तुमचं, तो वेगळा पिक्चर आहे. मला वाटलं होतं गजूच्या बापाला लावता येईल, म्हणजे गजू लॅबला सरळ शिव्या देऊ शकणार नाही. पण ते काम ताईंचा भाऊ जास्त चांगलं करतो.

कापूसकोंड्या

काल रात्री दोन वाजेपर्यंत जागलो. पळवापळवी, कोर्ट, भाषण सगळं काढलं, ३८ पानं गेली. हात थरथरला काढताना, खोटं कायले बोलू.

आता असं करतोय. गजू सोयाबीन पेरून लॅबमधी जाते. चिंगी कंट्रोल गटात, पण हे गजूले इंटरव्हलपर्यंत माहीत नाही, तो रोज तिले धरताना समजते का आपण हिले जहर पाजून राहिलो. इंटरव्हलले त्याले गटाचा कागद दिसते. हायसं वाटते. मंग तारीख दिसते, सगळ्यांची एकच. आन त्याच हप्त्यात गावाहून फोन येते भावाचा. दवाखान्यात डॉक्टर विचारतात औषध कोनतं होतं, घरच्यांले नाव येत नाही, लेबल नाही. गजूले येते. कोड नंबरासकट येते, कारण तो रोज पाजते. पण तपासणीतल्या मालाचं बाहेर बोलायचं नाही म्हणून त्यानं सही करून देलेली असते. तो बोलते, नोकरी जाते. नोकरी गेली का चिंगीले शेवटच्या दिवशी धरायले तो राहत नाही, दुसरंच कोनी धरते. म्हणजे तिले वाचवता तर आलं नाहीच, सोबत बी राहता आलं नाही. इथपर्यंत आलो आन रडलो राजेहो.

@धुऱ्यावरची ताई, लेबल भिजून गेल्याची गोष्ट मी घेतली, तुमची परवानगी पाहिजे. नाही म्हणाल तर काढतो.

@डॉक्टरसाहेब, दोन शंका. बाजारात आलेलं औषध लॅबमधी अजून तपासणीत असते का, नाहीतर माझी गाठच सुटते. आन पिंजऱ्यावरच्या कार्डावर काय काय लिहितात?

जनावरांचा_डॉक्टर

असतं. तेच औषध दुसरी कंपनी बनवून परवान्याला जाते किंवा जुन्या औषधाचा डेटा नव्याने मागतात, त्यामुळे गाठ राहते. कार्डावर स्टडी नंबर, जनावराचा नंबर, नर-मादी, गट, सुरू केल्याची तारीख एवढं समजा. आमच्याकडे गटाप्रमाणे कार्डाचा रंग वेगळा असायचा, तुमच्याकडेही तसंच ठेवलं तर ताईंच्या बाटलीशी जुळेल. फक्त मग गट त्याला पहिल्या दिवशीच कळेल ना? रंगाचा अर्थ फक्त साहेबाला माहीत आहे असं काहीतरी करावं लागेल.

धुऱ्यावरची

परवानगी आहे. डब्यात ज्वारीचं बी होतं तेही घ्या. भावाला सांगितलं मी, तो म्हणतो हिरोच्या भावाला बनियन पांढरं देऊ नका, आमच्याकडं फवारणीला कोणी पांढरं घालत नाही, जुना शर्ट उलटा घालतात.