व्हॅक्सिन डेपोवर जेन्नरची पाटी हवी, असं मला वाटतं

टिळकवाडीचा फिरस्ता: रोज सकाळी आपण बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर फिरतो. मराठी भाषकांचा महामेळावा म्हटलं की हेच मैदान आठवतं. पण नाव असं का, हे कॉलेजच्या पोरांना विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही. इथं देवीची लस बनायची. या लसीचा जनक म्हणतात त्या इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नरच्या नावाची एक पाटी तिथं लावायला काय हरकत आहे?

येळ्ळूरकर: हरकत आहे. जेन्नरनं १७९६ मध्ये लस टोचली ती माळ्याच्या आठ वर्षांच्या पोराला, जेम्स फिप्सला. नंतर त्याच पोराला खऱ्या देवीचा पू टोचून बघितला. आज कुणी असं केलं तर तुरुंगात जाईल. शिवाय बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्यानं १७७४ मध्येच बायको आणि दोन मुलांना गोस्तन देवी, म्हणजे गाईंना येणारी सौम्य देवी, टोचली होती. बावीस वर्षं आधी ओ!

टिळकवाडीचा फिरस्ता: जेस्टीनं घरच्यांना वाचवलं आणि गप्प बसला. जेन्नरनं १७९८ मध्ये तेवीस जणांची हकिकत छापली, लस दुसऱ्या डॉक्टरांना पाठवली. दुसऱ्याला करून बघता येईल असं लिहून ठेवणं, हेच शास्त्र. पू टोचण्याचं म्हणाल तर ती तेव्हाची रूढ पद्धत होती, आपल्याकडेही होती. फिप्सबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही.

खानापूरची माहेरवाशीण: तुम्हा दोघांनाही साहेबच दिसतात. लस हिंदुस्थानात कशी आली? बगदाद, बसरा करत, एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू झाली आणि तिच्या फोडातून पुढच्या मुलांना टोचली. तिची पाटी कुठं आहे? आमच्या आजीच्या दंडावर दोन वण होते. देवी काढणारा, म्हणजे लस टोचणारा, आला की पोरं माळ्यावर लपायची, म्हणायची. जंगलातल्या वाड्यांवर चालत जाणाऱ्या त्या माणसाचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं.

येळ्ळूरकर: हे पटलं. १९८० मध्ये देवी जगातून गेली म्हणून जाहीर झालं, ते सुई घेऊन दारोदार फिरणाऱ्यांमुळं.

टिळकवाडीचा फिरस्ता: आणि सुईच्या टोकावर काय होतं?

निपाणीकर: भांडू नका. जेन्नर, जेस्टी, ॲना, तिघांचीही नावं घाला. फक्त पाटी कुठल्या भाषेत, एवढं आधी सांगा. मग लागलीच म्हणून समजा!