लॉनपेक्षा करंज लावा
उन्हाळ्यात घर गार ठेवायला टेरेसवर लॉन टाका असं सांगतात, लॉननं घर गार होतं ते खरंय, पण पाणी कुठून आणायचं? २०१६ च्या एप्रिलमधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तिथं गवताला रोज कोण पाणी घालणार. पानांतून पाण्याची वाफ होते तेव्हा गारवा येतो, मुळाशी ओलच नसली की पानं छिद्रं मिटून घेतात आणि उरते ती नुसती सावली. मग आपल्याकडं सावली बघूनच झाड निवडावं ना. गुलमोहर दिसायला भारी, पण ऐन मार्च-एप्रिलात खराटा झालेला असतो, करंजाला अन् कडुलिंबाला नेमकी तेव्हाच नवी पालवी फुटलेली. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर करंजाची सावली पडते, संध्याकाळी हात लावला तर कोमट लागते, शेजारची उघडी भिंत मात्र नुसता तवा. फक्त बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकू देऊ नका राव, पाणी मुरायला हातभर आळं तरी मोकळं पाहिजे.