मदत हवी आहे: बादलीच्या चेंबरमधून घेतलेल्या वायू-नमुन्यांचे आकडे जुळत नाहीत

धागाकर्ता: पाणथळ जमिनीतून बाहेर पडणारा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मोजायचा आहे. २० लिटरची पांढरी बादली चिखलात उपडी दाबतो. बुडाला रबरी बूच आहे, त्यातून ६० मिलीच्या प्लास्टिक सिरिंजने ०, १०, २० आणि ३० मिनिटांनी नमुना. १० मिलीच्या बूचबंद काचेच्या कुपीत २० मिली ढकलतो. गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) नंबर चार-पाच दिवसांनी लागतो. शून्य मिनिटाचा मिथेन बऱ्याचदा विसाव्या मिनिटापेक्षा जास्त येतो, कार्बन डायऑक्साइड कधी वाढतो, कधी घटतो. व्हॅक्यूम पंप नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद १: कुपी आधी रिकामी केली नसेल तर आत १० मिली जुनी हवा आहेच. वर २० मिली भरलेत म्हणजे एक तृतीयांश नमुना खोलीतल्या हवेचा. पंपाशिवाय उपाय: बुचात दुसरी सुई नुसती उघडी खोचा, सिरिंजने ४० मिली सावकाश सोडा, उघडी सुई काढा आणि मग उरलेले १५ मिली दाबून भरा. जुनी हवा साधारण २ टक्के उरते. शेवटचा जास्तीचा दाब महत्त्वाचा. बूच किंचित गळलं तरी वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. बूच ब्युटाइल रबराचंच घ्या, सिलिकॉनमधून वायू आरपार जातात. सुई २५ गेजची, म्हणजे बारीक. जाड सुई बुचाचा तुकडाच पाडते.

प्रतिसाद २: कुपीचं बरोबर, पण शून्य मिनिटाचा मिथेन चढतो तो बहुतेक पायामुळे. चिखलावर वजन पडलं की अडकलेले बुडबुडे सुटतात. बादली दाबतानाही तेच. एक दिवस आधी वरच्या काठावर खाच असलेलं कडं ५ ते १० सेंमी रोवून ठेवा, खाचेत पाणी भरून बादली त्यावर नुसती टेकवा. उभं राहायला लांब फळी, तीही आधीच टाकलेली. दाब सारखा राहावा म्हणून बादलीला बारीक नळी हवी, नाहीतर प्रत्येक वेळी सिरिंज ओढताना मातीतला वायू खेचला जाईल. आत बॅटरीवरचा छोटा पंखा.

पांढऱ्या बादलीतून उजेड जातो. आत रोपं असतील तर ती कार्बन डायऑक्साइड खातात. बाहेरून चकचकीत फॉइल गुंडाळा, तापमानही आटोक्यात राहील. आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहा: उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४०,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असतो, हवेत ४२० च्या आसपास.

धागाकर्ता: कुपीची भानगडच नको म्हणून स्टॉपकॉक (तोंडावरची छोटी तोटी) बंद करून सिरिंजमध्येच ठेवलं तर? की फुगा?

प्रतिसाद १: त्याच दिवशी काही तासांत मोजणार असाल तर सिरिंज चालेल. चार दिवस नाही. फुग्याचा तर विचारच सोडा. आणि तीन कुप्या प्रमाणित (म्हणजे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या) वायूने भरून नमुन्यांबरोबरच शेतात नेऊन आणा, सगळ्यांसोबत मोजा. त्यांचा आकडा मूळ प्रमाणापेक्षा घसरला तर गळती बुचात आहे, चेंबरला हात लावू नका.