धरणाची मुदत वाढवताना लोकांना विचारायचं कशाला?

काठावरचा:
परवा इथे एका सभासदाने अमेरिकेतली बातमी टाकली. तिथल्या एका लहान नदीवरच्या वीजधरणाच्या परवान्याची मुदत संपत आलीय आणि सरकारने लोकांकडून लेखी हरकती मागवल्यात. खाली त्यांनी आपलं मत जोडलं: "धरण बांधून झालं, पाणी वाहतंय, वीज होतेय. आता लोकांना काय विचारायचं? असल्या नसत्या उठाठेवींनीच कामं अडतात. आपल्याकडे ही ब्याद नाही ते बरं." वीसेक जणांनी त्यावर अंगठे दिले. मला राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

तिथे परवाना ३० ते ५० वर्षांचा असतो. तो परत हवा असेल तर मालकाला मुदत संपायच्या पाच वर्षं आधी कळवावं लागतं आणि तिथून हरकती, अभ्यास, सुनावणी सुरू होते. १९८६ पासून त्यांचा कायदाच सांगतो की विजेला जेवढं वजन द्याल तेवढंच मासे, काठ आणि लोकांच्या वापराला द्या. मेन राज्यात केनेबेक नदीवर १८३७ सालचं एडवर्ड्स धरण होतं. वीज निघायची साडेतीन मेगावॅट. १९९७ मध्ये तिथल्या परवाने देणाऱ्या ऊर्जा आयोगाने मुदतवाढ नाकारली, मालकाची इच्छा नसताना. १९९९ च्या जुलैत धरण फोडलं आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ अडलेले मासे परत वर चढले.

आपल्याकडे २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २५ मेगावॅटच्या खालच्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीच लागत नाही. म्हणजे बांधताना सुनावणी नाही, मुदत वाढवताना तर नाहीच नाही. लहान प्रकल्प म्हणजे निरुपद्रवी, असं कुणी ठरवलं?

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असा एक प्रकल्प आहे. नाव घेत नाही, भांडण वाढवायचं नाही. फेब्रुवारीपासून दिवसभर पाणी अडवतात आणि संध्याकाळी विजेला मागणी वाढली की वीजसंच चालू करून ते सोडतात. सकाळी जॅकवेलवर, म्हणजे काठावरच्या मोटरीच्या विहिरीवर, जाऊन बघितलं की पाइपाच्या तोंडाचा फूटव्हॉल्व्ह गाळात उघडा पडलेला. मोटर चालू केली तर नुसती हवा ओढते. बादलीने पाणी ओतून प्राइमिंग करायचं, तोवर थ्री फेज गेलेली असते. आणि संध्याकाळी तेच पात्र बघता बघता कमरेएवढं चढतं. वळणापलीकडे धुणं घेऊन बसलेल्या बायकांना भोंगा ऐकू येत नाही. माझ्या चुलतीचं पातेलं, कपडे सगळं वाहून गेलं, ती झुडपाला धरून राहिली म्हणून वाचली. आम्ही ही तक्रार कुठे करायची? मुदत वाढताना विचारलं असतं तर एवढंच सांगितलं असतं: दिवसा थोडं पाणी सोडा आणि भोंगा खाली आणून बसवा.

निवृत्त विद्युत:
साहेब, चुलतीबाई वाचल्या हे महत्त्वाचं. पण मुद्द्यात गोंधळ आहे. भारतात रिन्यू करायला लायसन्सच नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ७ प्रमाणे निर्मितीला परवाना लागत नाही. मोठ्या जलप्रकल्पाला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची संमती लागते, तीही एकदाच. मुदत असते ती वीजखरेदी कराराला आणि जागेच्या, पाण्याच्या भाडेपट्ट्याला.

एडवर्ड्सचं उदाहरण इथे लावू नका. त्यांनी साडेतीन मेगावॅट सोडले, त्यांना काय कमी पडलं? आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाला १६-१६ चे दोन संच आहेत, ३२ मेगावॅट. आणि ते धरण विजेसाठी बांधलेलं नाही. ५१ टीएमसीचं (अब्ज घनफूट) पाणी शेतीला सुटतं, जाता जाता संच फिरतात. तिथे सुनावणी घेतली तर डाव्या कालव्याचे लोक उजव्या कालव्याशी भांडतील, दुसरं काही होणार नाही.

नोकरीत असताना एका जनसुनावणीला मी पूर्ण दिवस बसलोय. कुठली ते सांगत नाही. मंडप, ट्रॅक्टर भरून आणलेली माणसं, जेवणाच्या पंगती. बोलायला उठलेल्यांपैकी निम्म्यांनी समाजमंदिर मागितलं, उरलेल्यांनी पोराला नोकरी. पाणी किती सोडणार हे कुणीच विचारलं नाही. त्या दिवसापासून माझा या प्रकारावरचा विश्वास उडाला.

काठावरचा:
ट्रॅक्टर कुणी भरून आणले होते, तेही सांगा की. प्रकल्पवाल्यांनीच ना?

लायसन्स म्हणा, करार म्हणा, भाडेपट्टा म्हणा. मुदत आहे ना? मग ती वाढवताना विचारा. वीजदर ठरवताना आपला वीज नियामक आयोग विचारतोच. त्याच वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे अर्ज जाहीर करावा लागतो, हरकती घ्याव्या लागतात आणि १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. युनिटमागे दहा पैसे वाढले तर मला बोलता येतं. माझी नदी दिवसभर बंद ठेवली तर बोलायला जागा नाही.

ऊसवाला, चिकोडी:
तुम्ही सगळे टर्बाईनवर बोलूलाय, पण बंधाऱ्यांचं कोण बोलणार ओ? आमच्याकडे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यात ना संच ना वीज. मृगाचा पाऊस पडला तरी बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढत नाहीत. का, तर खालच्यांना अजून चार दिवस पाणी पाहिजे. मग पहिल्या लोंढ्याला बरगे अडकून बसतात, वरून ओंडके येतात आणि पाणी बाजूच्या रानात शिरतं. दोन एकर लावण माझी अशीच कुजली. पंचनामा झाला, भरपाई आली ती शेजाऱ्याच्या खात्यावर. त्यावर अजून भांडतोय. सुनावणी घ्यायचीच तर बरगे कोणत्या तारखेला काढणार याची घ्या. तेवढं झालं तरी निम्मा तालुका आशीर्वाद देईल.

गोकाकचा नातू:
मी ती अमेरिकेची बातमी टाकणाऱ्यांच्या बाजूचा. आमचे आजोबा गिरणीत होते, वडील गिरणीत होते. गोकाकच्या धबधब्याच्या पाण्यावर १८८७ पासून गिरणी चाललीय. बावन्न मीटरवरून पडणारं पाणी नळांतून खाली नेऊन यंत्रं फिरवली, तेव्हा देशात वीज फारशी कुठे पोचलीच नव्हती. तेव्हा मतं मागवली असती तर भटजींनी नदी बाटली म्हटलं असतं, इनामदारांनी पाणी आमचं म्हटलं असतं आणि गिरणी उभीच राहिली नसती. आमच्या गल्लीतल्या दोन पिढ्या त्या पाण्यावर शिकल्या. उन्हाळ्यात धबधब्याचा कोरडा कातळ बघून बाहेरून आलेले हळहळतात. आम्हाला त्या कातळाकडे बघून भाकरी आठवते.

काठावरचा:
आजोबांच्या भाकरीवर माझं काही म्हणणं नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुमचं गोकाक बुडालं तेव्हा वरून हिडकलचं पाणी, मधे हिरण्यकेशी, गावाजवळ मार्कंडेय, तिन्ही एकदम आलं. किती सोडणार आणि कधी सोडणार हे गल्लीत कुणाला माहीत होतं?

गोकाकचा नातू:
नव्हतं माहीत. लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला, आईला मी खांद्यावर घेऊन वरच्या शाळेत नेलं. तो विषय काढू नका. पूर वेगळा, वीज वेगळी.

खानापूरची लेक:
वेगळे कसे दादा? एकाच नदीचा एकच दरवाजा आहे.

आता माझंही ऐका. म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादाच्या निवाड्यात २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी मिळालं. सगळे कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी वळवायच्या योजनेचं ३.९० बोलतात. पण त्या १३.४२ पैकी ८.०२ टीएमसी हे वीजनिर्मितीसाठी आहे. म्हणजे उद्या आमच्या जंगलात धरण येणार ते विजेचं. किती गावांना हे माहीत आहे? आणि माहीत होणार कसं? कागद येतो तो कानडीत, नाहीतर इंग्रजीत. आमच्या गावात एका पाण्याच्या कामाची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लावली होती. वडिलांनी दहावीतल्या पोराला वाचायला नेलं. त्याला कानडी अक्षरं येतात, पण "भूस्वाधीन" (भूसंपादन) वगैरे सरकारी शब्द त्याला कुठले कळणार? बेळगावहून वकील बघून, अर्थ लावून घेईपर्यंत हरकतीची तारीख गेली. जमीन गेलीच, पण आम्ही बोललो नाही असं रेकॉर्डला लागलं. "कोणाचीही हरकत नाही." हे वाक्य वडील अजून म्हणतात.

ज्या भागात अल्पसंख्य भाषकांची संख्या १५ ते २० टक्के आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढायच्या, असं केंद्राने १९५६ मध्येच लिहून ठेवलंय. आमच्या तालुक्यात मराठी माणूस पंधरा टक्के नाही का?

गोकाकचा नातू:
आलात शेवटी भाषेवर. बेळगाव जिल्ह्यात गटाराचा प्रश्न काढला तरी तिसऱ्या माणसाला भाषा आठवते. माझी आई कानडी, वडील मराठी. घरात दोन्ही चालतं. राज्याची भाषा कानडी आहे, कागद कानडीतच येणार. शिकून घ्या.

खानापूरची लेक:
मी शिकलेय. कानडीत बँकेचं काम करते. माझे वडील साठीला आलेत, त्यांनी जमीन जायच्या आधी नवी लिपी शिकायची का? तुम्हाला घरात दोन भाषा मिळाल्या, ते तुमचं भाग्य. ते नियम म्हणून आमच्यावर लादू नका.

निवृत्त विद्युत:
ताई, भावना समजतो. पण प्रत्येक कागदाचं भाषांतर करत बसलं तर कार्यालयं चालणार नाहीत. तांत्रिक अहवाल शेकडो पानांचा असतो.

खानापूरची लेक:
पर्यावरण नियमांचा २०२० चा मसुदा आठवतो का? तोही आधी इंग्रजी-हिंदीतच होता. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत काढा आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा. अख्ख्या देशाच्या नियमांचं बावीस भाषांत होऊ शकतं असं न्यायालयाला वाटलं. आमच्या तालुक्याची दोन पानांची नोटीस दोन भाषांत का होत नाही? त्याच मसुद्यात सुनावणीच्या सूचनेचे ३० दिवस २० वर आणायचे होते. वीस दिवसांत वडिलांनी वकील कुठून आणायचा?

सीमाभाग:
ताई, सगळ्याचं मूळ १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आहे. आपण महाराष्ट्रात असतो तर ही वेळच आली नसती.

चंदगडकर:
आम्ही महाराष्ट्रातच आहोत. आमच्या तालुक्यातलं पाणी घाटाखाली कोनाळला नेऊन तिलारीची साठेक मेगावॅट वीज काढतात. कागद सगळे शुद्ध मराठीत. म्हणून आमच्या मोटरीला दिवसा थ्री फेज मिळते असं वाटतं का तुम्हाला? मध्यरात्री बॅटरी घेऊन शेतात जातो, गव्यांचा धाक वेगळाच. राज्य बदललं की नदीवर हक्क मिळतो, हे डोक्यातून काढा.

सीमाभाग:
तुम्हाला मराठीत भांडता तरी येतं. आम्हाला तेही नाही. त्याची किंमत तुम्हाला कळायची नाही.

चंदगडकर:
ते मान्य. भांडता येतं. जिंकता येत नाही, पण भांडता येतं.

ऊसवाला, चिकोडी:
बरग्यांचं कुणीच काही बोललं नाही.

काठावरचा:
दादा, बरगे लिहून घेतलेत. सगळ्यांना विचारतो. एक अर्ज करू. ज्या लहान प्रकल्पाच्या कराराची किंवा भाडेपट्ट्याची मुदत संपतेय, तिथे मुदत वाढवण्याआधी काठच्या गावांत सुनावणी घ्या. दिवसा किमान किती पाणी नदीत राहणार ते ठरवून फलकावर लावा. पाणी सोडायच्या आधी भोंगा शेवटच्या पाणवठ्यापर्यंत ऐकू आला पाहिजे. बंधाऱ्याचे बरगे काढायची तारीख मे महिन्यात जाहीर करा. सूचना कानडी आणि मराठी दोन्हीत काढा.

निवृत्त विद्युत:
धरण फोडा असं कुठे लिहिणार नसाल तर बोलतो. किमान पाण्याची अट घालता येते, त्यात तांत्रिक अडचण नाही. उन्हाळ्यात थोडी निर्मिती घटेल, आणि अर्जात ते खरं लिहा, लपवू नका. सुनावणीवर माझा अजूनही विश्वास नाही. पण करार नव्याने करायचाच असतो, तेव्हा एक अट वाढवणं धरण बांधताना भांडण्यापेक्षा सोपं आहे, एवढं कबूल करतो. आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे टाकून थांबू नका, करार त्यांच्या हातात नसतो. प्रत जलसंपदा आणि ऊर्जा दोन्ही खात्यांना द्या.

गोकाकचा नातू:
भोंगा आणि पाण्याच्या फलकाला माझी सही घ्या. २०१९ ला फलक असता तर आईचा संदूक तरी वर नेला असता. भाषेची ओळ मात्र काढा. ती वेगळ्या अर्जात द्या. ती ओळ दिसली की वरचं सगळं न वाचता कागद बाजूला पडतो, हे तुम्हाला माहीत आहे.

खानापूरची लेक:
वेगळा अर्ज म्हणजे नंतर बघू. नंतर म्हणजे कधीच नाही. सुनावणी कुठल्या भाषेत हा सुनावणीचाच भाग आहे. माझ्या वडिलांना कळली नाही ती सुनावणी कसली? ती ओळ काढली तर माझी सही नाही, आणि आमच्या गावातली एकही मिळणार नाही.

गोकाकचा नातू:
मग माझी नाही.

काठावरचा:
दोघांचीही पाहिजे. ओळ मी काढत नाही. पण ती शेवटी न ठेवता सुनावणीच्या ओळीतच घालतो: "काठच्या गावांत, गावकऱ्यांना कळेल अशा भाषांत सुनावणी घ्यावी." कानडी गावाला कानडी, मराठी गावाला मराठी, मिश्र गावाला दोन्ही.

खानापूरची लेक:
"कळेल अशा" चालणार नाही. कुणाला काय कळतं हे साहेबच ठरवणार. "कानडी व मराठी" असं स्पष्ट लिहा.

निवृत्त विद्युत:
मसुदा झाला की कानडी भाग माझ्याकडे पाठवा, खात्याचे शब्द मी बघून देतो. भाषेच्या ओळीचं तुम्ही दोघं मिटवा, त्यात मी पडणार नाही.